स्वस्त वीज मध्यरात्रीची होती, आता भरदुपारची

नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या एमआयडीसीत ज्यांच्याकडे धातू वितळवायची भट्टी आहे, त्यांचं घड्याळ वर्षानुवर्षं वीजबिलावर चालत आलंय. रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागे सवलत, म्हणून भट्टी रात्रीच लावायची. तिच्या जिवावर गेटासमोरची अंडाभुर्जीची गाडीही उशिरापर्यंत चालायची. 2025 च्या दरनिश्चितीत राज्य वीज नियामक आयोगाने ही सवलत सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेकडे वळवली. बिलावरचा हा बदल छोटा दिसतो, पण त्यामागे शंभर वर्षांचा हिशेब आहे.

मुंबई-ठाणे पट्ट्याची पहिली मोठी वीज पाण्याची. टाटांचं खोपोलीचं वीजगृह 1915 चं, भिवपुरी 1922 चं, भिरा 1927 चं. घाटमाथ्यावर पावसाळ्यात तळी भरून घ्यायची आणि वर्षभर लागेल तसं पाणी खाली सोडायचं. म्हणजे सुरुवात नवीकरणीय विजेनेच झाली, आणि तीही साठ्यासकट! तेव्हा तिला कुणी तसं म्हणत नव्हतं, इतकंच.

पुढे कोळसा आला. ठाकुर्लीचं रेल्वेचं चोळा पॉवरहाऊस, मग 1956 मध्ये तुर्भ्याचं औष्णिक केंद्र (हे चेंबूरजवळचं ट्रॉम्बे, नवी मुंबईतलं नव्हे). तारापूरची अणुवीज 1969 ची, तेव्हा तारापूर ठाणे जिल्ह्यात होतं. बॉयलर काही दिव्याच्या बटणासारखा चालूबंद करता येत नाही. रात्री मागणी उतरली तरी वीजनिर्मितीचे संच धगधगत ठेवावे लागतात, त्यामुळे मध्यरात्री वीज उरायची. भट्टीवाल्याला मिळणारी सवलत या उरलेल्या विजेची होती.

त्याच उरलेल्या विजेसाठी घाटघर प्रकल्प झाला. शहापूर तालुक्यात चोंढ्याला खालचं धरण, वर अकोले तालुक्यात घाटघरला वरचं. रात्रीच्या विजेवर पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी गरज वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज काढायची. क्षमता 250 मेगावॅट, सुरू झाला 2008 मध्ये. वर चढवताना लागते त्यापेक्षा कमीच वीज परत मिळते, पण सातच्या दिवेलागणीला तिचं मोल वेगळं. ती वर्षं भारनियमनाची. ठाणे-नवी मुंबईत वेळापत्रकाचं कात्रण फ्रिजवर चिकटवलेलं असायचं आणि वाशीच्या खाडीपुलावरून पलीकडे मुंबईचा उजेड दिसायचा. त्याची चडफड अजून अनेकांना आठवते.

राज्याचं भार प्रेषण केंद्र ऐरोलीला, ठाणे-बेलापूर रस्त्यावर आहे. मागणी आणि निर्मिती यांचा तोल क्षणाक्षणाला सांभाळून वारंवारिता (विजेच्या प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तनं) 50 हर्ट्झच्या आसपास ठेवायची, हे तिथलं काम. दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, 31 डिसेंबर 2013 ला जोडलं गेलं आणि देशाचं एकच ग्रिड झालं. 5 एप्रिल 2020 ला रात्री नऊला लोकांनी नऊ मिनिटं दिवे मालवले, तेव्हा देशाची मागणी सुमारे 31 हजार मेगावॅटने घसरली आणि लगेच वर आली. हा झोका मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी पेलला. झटकन कमी आणि झटकन जास्त होणं त्यांनाच जमतं.

त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला मात्र वेगळाच धडा मिळाला. कळवा-पडघा 400 केव्ही वाहिनीचं एक सर्किट दुरुस्तीसाठी बंद होतं. सकाळी दहाच्या सुमारास दुसरंही ट्रिप झालं, भार उरलेल्या वाटांवर गेला आणि त्याही कोसळल्या. संकटात मुंबईला ग्रिडपासून वेगळं काढून जगवणारी 1981 पासूनची आयलँडिंग यंत्रणाही त्या दिवशी टिकली नाही. लोकल जिथल्या तिथे थांबल्या. ठाण्यात सोसायटीचा पंप बंद आणि घरून काम करणाऱ्यांचं वायफायही गेलेलं. देशात वीज होती, इथवर यायची वाटच तुटली होती. मुंबईत वीज आणणारी खारघर-विक्रोळी 400 केव्ही वाहिनी सुरू व्हायला 2023 उजाडलं.

सौरविजेने हे गणित उलटं केलं आहे. 2030 पर्यंत 500 गिगावॅट बिगरजीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून) क्षमतेचं देशाचं उद्दिष्ट 2021 मध्ये ग्लासगोत जाहीर झालं. राज्यात सौर कृषिवाहिनी योजनेतून शेतीपंपांना दिवसा वीज देणं सुरू झालं. आता वीज उरते ती दुपारी, आणि सूर्य मावळतो नेमका एसी, लिफ्ट, स्वयंपाकघर एकदम जागं होतं तेव्हा. महापे-ऐरोलीच्या डेटा सेंटरना तर दिवसरात्र सारखीच लागते. माझ्या मते नुसते किती मेगावॅट उभारले हे मोजण्यात अर्थ नाही. संध्याकाळी सहा ते दहा काय हाताशी आहे, ते विचारायला हवं. बॅटऱ्या येत आहेत, पण काही तासांपुरत्या.

म्हणून पुन्हा सह्याद्रीकडे वळणं आलं. टाटा पॉवरने 2023 मध्ये राज्य सरकारशी दोन उदंचन (घाटघरसारख्या, पाणी वर चढवून वीज साठवणाऱ्या) प्रकल्पांचा करार केला: शिरवट्याला 1,800 मेगावॅट आणि भिवपुरीला 1,000. भिवपुरी म्हणजे तेच, 1922 वालं. आता पाणी वर चढवायचं ते दुपारच्या उन्हावर.

रबाळ्यात मात्र सध्या चर्चा रात्रपाळीच्या भत्त्याची आहे. भट्टी दिवसा आली तर तो जाणार, आणि भुर्जीवाल्यालाही गाडी लवकर लावावी लागणार.