जुन्या किमोनोची बाही अशी का?

जुना किमोनो घेणाऱ्याची पहिली अडचण असते ती बाही. लांबी जुळते, रंग आवडतो, पण मनगट उघडं पडतं. किंवा बाहीची झोळ इतकी खोल निघते की आत घालायच्या पांढऱ्या झग्याची, म्हणजे जुबानची, बाही तिच्यात गोळा होऊन बसते. याचं उत्तर शिंप्याकडे कमी आणि गेल्या शतकाच्या इतिहासात जास्त आहे.

जपानमध्ये जुने कपडे वापरणं ही नवी हौस नव्हे. एदो काळात (१६०३ ते १८६८) सामान्य शहरवासी बहुधा वापरलेलेच कपडे घेत. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, कांदा नदीलगतच्या यानागिवारा बांधावर त्यांचा मोठा बाजार भरत असे. किमोनो सरळ पट्ट्यांचा असतो. तो उसवून पट्ट्या जोडल्या की पुन्हा सलग कापड होतं, मग ते धुऊन, खळ लावून, ताणून नव्याने शिवता येतं. या कामाला ‘आराइ-हारी’ म्हणतात.

आज ‘अँटिक’ म्हणून जे विकलं जातं, ते मात्र बरंचसं १९१० ते १९४० मधलं असतं आणि त्यात मेइसेन नावाचं रेशीम ठळक दिसतं. इसेसाकी, चिचिबु, आशिकागा अशा गावांत हे रेशीम विणलं जाई. निर्यातीला न चालणारे, दोन किड्यांनी मिळून विणलेले कोष त्यासाठी वापरत, म्हणून ते स्वस्त पडे. उभे धागे आधी तात्पुरते सैल विणून त्यांवर साच्याने रंग छापायचा, मग ते आडवे धागे काढत काढत खरं कापड विणायचं. त्यात धागे किंचित सरकतात, म्हणून मेइसेनवरचं फूल कडेला जरा विस्कटलेलं दिसतं. तो दोष नव्हे, ओळख आहे. रंग दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने वरची बाजू विटली की कापड उलटून पुन्हा शिवत. दुकानांत काम करणाऱ्या, शिकणाऱ्या मुलींना परवडणारं हे पहिलं झळझळीत रेशीम. त्यांच्या बाह्या खाली साठ सेंटिमीटरच्याही पुढे लोंबत.

युद्धाच्या काळात, ७ जुलै १९४० रोजी जपानमध्ये चैनीच्या वस्तूंचं उत्पादन आणि विक्री रोखणारा नियम लागू झाला. महागडं कापड, भरतकाम, जरीकाम या सगळ्यांवर गदा आली. टोकियोत ‘चैन हीच शत्रू’ असे फलक लागले. १९४२ पासून कपडे गुण मोजणाऱ्या शिधापत्रिकेवर मिळू लागले आणि १९४३ मध्ये युद्धकाळातला पोशाख साधा करण्याचं धोरण ठरलं, त्यात बाह्या आखूड करणंही होतं. रस्त्यात बायकांना बाह्या कापण्याची विनंती करणाऱ्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या.

१९४० च्या त्या बंदीबद्दल अजून वाद आहे. निवडक कारागिरांना कौशल्य टिकवण्यासाठी परवाने दिले गेले, त्यामुळेच काही तंत्रं वाचली, असं त्याचे समर्थक सांगतात. परवाने होते हे खरं. पण ते नावाजलेल्या हातांना मिळाले. निशिजिन आणि किर्यू या विणकामाच्या केंद्रांत ज्यांचे माग भंगारात गेले, त्या विणकरांना त्याचा काय उपयोग? मेइसेन तर ‘कला’ म्हणून मोजलंच जात नव्हतं. चिचिबु मेइसेनला पारंपरिक हस्तव्यवसाय म्हणून सरकारी मान्यता मिळाली ती २०१३ मध्ये. वाचवलं काय याइतकंच वगळलं काय हेही पाहायला हवं.

त्या काळाच्या खुणा कपड्यावर दिसतात. काहींनी बाही कापली, काहींनी जास्तीचं कापड आत दुमडून शिवलं. अशी बाही खालच्या टोकाला हाताला जाड लागते आणि शिवण सोडली की आतून न विटलेला पट्टा निघतो. युद्धानंतरच्या टंचाईत शहरातल्या बायकांनी तांदूळ-बटाट्यांच्या बदल्यात किमोनो खेड्यांत दिले.

पुढे पाश्चात्त्य पोशाख रोजचा झाला आणि किमोनो समारंभापुरता उरला. १९६० च्या दशकापासून तो नेसायला शिकवणारे वर्ग वाढले. कोणत्या प्रसंगी काय, कोणत्या महिन्यात कोणतं अस्तर, याचे नियम तिथे घट्ट झाले. परंपरा म्हणून सांगितले जाणारे यांतले बरेच नियम मेइसेन नेसणाऱ्या मुलींनी ऐकलेही नसतील. बाहीची खोलीही सुमारे ४९ सेंटिमीटरवर ठरून गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीस तरुण मुली जुन्या किमोनोंकडे वळल्या तेव्हा हे नियम आणि ही मापं त्यांच्या आड आली.

नऊवारीत कमी-जास्त कापड निऱ्यांत जिरतं. किमोनोतही उंचीचं जास्तीचं कापड कमरेशी दुमडता येतं, मात्र मानेपासून मनगटापर्यंतचं माप, युकी, तसं वाढत नाही. कापडाचा पन्हाच जेमतेम ३६ सेंटिमीटर. म्हणून खांद्याच्या शिवणीत माया किती आहे ते आधी आतून चाचपावं. ती सोडली तरी जुनी घडी आणि गडद पट्टा दिसतच राहतो.

जतनाचे धोकेही त्याच काळाचे आहेत. युद्धापूर्वीच्या किमोनोंना अनेकदा लाल रेशमी अस्तर असतं. पाणी किंवा घाम लागला की ते वरच्या कापडावर उतरतं आणि तो डाग निघणं फार अवघड. दमट पांढरं फडकं अस्तराच्या कोपऱ्यावर दाबून पाहिल्याशिवाय ओल जवळ येऊ देऊ नये. कोरड्या दिवशी सावलीत वारा द्यावा आणि कागदात सपाट ठेवावा. कापूर आणि डांबरगोळ्या मात्र एका पेटीत कधीच नकोत. दोन्ही एकत्र आले की पाघळतात आणि रेशमावर डाग पाडतात.