सुपर फाल्कन्स (नायजेरियाची महिला फुटबॉल टीम)

सुपर फाल्कन्स म्हणजे नायजेरियाची महिलांची नॅशनल फुटबॉल टीम. फाल्कन म्हणजे ससाणा. नायजेरियात टीमांना पक्ष्यांची नावं द्यायची जुनी सवय आहे, पुरुषांची टीम सुपर ईगल्स म्हणजे गरुड, महिलांची ससाणे, २० वर्षांखालच्या मुलींची फाल्कनेट्स म्हणजे ससाण्याची पिल्लं, आणि १७ खालच्या मुली फ्लेमिंगोज. जर्सी हिरवी-पांढरी, कारभार नायजेरिया फुटबॉल फेडरेशनकडे, ऑफिस अबुजाला. आफ्रिकेतली आजवरची सगळ्यात यशस्वी महिला टीम कुठली विचाराल तर उत्तर हेच, दुसरं नाव जवळपासही येत नाही. आफ्रिका कप म्हणजे ज्याला वाफकॉन म्हणतात तो १० वेळा जिंकलाय, आणि १९९१ ते २०२३ मध्ये महिलांचे ९ वर्ल्ड कप झाले ते नऊच्या नऊ खेळल्यात. सगळे वर्ल्ड कप खेळलेल्या टीम जगात फक्त ७, अमेरिका, जर्मनी, ब्राझील, जपान, नॉर्वे, स्वीडन आणि या.

पण या टीमची गोष्ट नुसती कपांची यादी देऊन संपत नाही, कारण यांचा दुसरा एक रेकॉर्ड आहे जो कुठल्या तक्त्यात येत नाही, तो म्हणजे कप जिंकायचा आणि मग बोनससाठी हॉटेलात धरणं धरून बसायचं. त्याबद्दल खाली येतंच.

सुरुवात

पहिली ऑफिशियल मॅच फेब्रुवारी १९९१ मध्ये घानाविरुद्ध, ५-१ ने जिंकली. त्याच वर्षी चीनमध्ये महिलांचा पहिला वर्ल्ड कप होता आणि आफ्रिकेला त्यात एकच जागा होती, ती यांनी घेतली. तिकडे मात्र तिन्ही मॅच हरल्या आणि एकही गोल झाला नाही. १९९५ ला स्वीडनमध्ये नॉर्वेने ८-० ने धुतलं, आणि त्याच स्पर्धेत कॅनडाबरोबर ३-३, म्हणजे टीम कच्ची होती पण घाबरट नव्हती.

आफ्रिका कपचा हिशोब थोडा गोंधळाचा आहे. १९९१ आणि १९९५ ला एकत्र जमून स्पर्धा अशी झालीच नव्हती, घरच्या-बाहेरच्या मॅच खेळून निकाल लागला, तेही काही जण कप म्हणून मोजतात आणि मग आकडा १२ होतो. नीट स्पर्धा १९९८ पासून, ती नायजेरियातच झाली आणि यांनी एकही गोल न खाता जिंकली. तिथून २००६ पर्यंत ओळीने ५ कप. १९९८, २००२ आणि २००६ या तिन्ही फायनलला समोर घानाच्या ब्लॅक क्वीन्स होत्या आणि तिन्ही वेळा हरून गेल्या. घाना आणि नायजेरियाचं तसं जोलोफ राइस (टोमॅटो घालून केलेला तिकडचा भात) कोणाचा चांगला यावरूनही भांडण चालूच असतं, पण महिला फुटबॉलमध्ये तरी निकाल बरेच दिवस एकतर्फी होता.

२००० ची फायनल वेगळीच. साउथ आफ्रिकेत, घरच्या टीमविरुद्ध, नायजेरिया २-० ने पुढे गेली आणि प्रेक्षकांनी बाटल्या फेकायला सुरुवात केली. मॅच पुरी होऊच शकली नाही, कप नायजेरियाला दिला.

१ जुलै १९९९

ही तारीख नायजेरियातल्या एका पिढीला पाठ आहे. अमेरिकेतला वर्ल्ड कप, ग्रुपमध्ये उत्तर कोरियाला २-१, डेन्मार्कला २-०, मध्ये अमेरिकेकडून ७-१ असा मार खाल्ला तो सोडा. आफ्रिकेची टीम महिला वर्ल्ड कपच्या क्वार्टर फायनलला पोचायची ही पहिलीच वेळ. समोर ब्राझील. हाफटाइमला स्कोअर ब्राझील ३, नायजेरिया ०. आता संपलं असं कोणीही म्हणेल, पण ६३ व्या मिनिटाला प्रिस्का एमेआफू, ७२ व्या मिनिटाला न्किरू ओकोसिएमे, ८५ व्या मिनिटाला न्केची एग्बे, आणि ३-३. मग एक रेड कार्ड, एक्स्ट्रा टाइम. तेव्हा गोल्डन गोलचा नियम होता, एक्स्ट्रा टाइममध्ये जो पहिला गोल करेल तो जिंकला, तिथल्या तिथे मॅच बंद. १०४ व्या मिनिटाला ब्राझीलच्या सिसीने फ्री किक मारली आणि खेळ खलास, ४-३. तो नियम नंतर काढून टाकला, पण यांना त्याचा काय उपयोग.

यातल्या ओकोसिएमेला लोक ‘हेडमिस्ट्रेस’ म्हणायचे, कारण डोक्याने गोल करण्यात हातखंडा. आपल्याकडे शाळेत हेडबाई म्हणतात ना, तसंच, फक्त इथे हेड म्हणजे खरोखरचं डोकं. त्याच टीममधली मर्सी अकिडे २००१ मध्ये आफ्रिकेची पहिली ‘वर्षातली सर्वोत्तम महिला फुटबॉलर’ झाली. कॅप्टन फ्लोरेन्स ओमागबेमी पुढे कोच झाली आणि २०१६ चा कप कोच म्हणून जिंकून दाखवला, खेळाडू म्हणून आणि कोच म्हणून दोन्ही प्रकारे हा कप जिंकणारी ती पहिली बाई.

धरणं

आता तो दुसरा रेकॉर्ड. २००४ ला साउथ आफ्रिकेत कप जिंकला, फायनलमध्ये कॅमेरूनला ५-० ने हरवलं, त्यातले ४ गोल एकट्या पर्पेचुआ न्क्वोचाचे. आणि मग टीम घरी जायलाच तयार नाही, बोनस मिळाल्याशिवाय हॉटेल सोडणार नाही म्हणून बसून राहिल्या. परदेशात, कप हातात, बॅगा भरलेल्या, आणि चॅम्पियन रूममध्ये बसून आहेत असं ते चित्र.

२०१६ ला याहून वाईट. डिसेंबरमध्ये कॅमेरूनमध्ये जाऊन घरच्या टीमला फायनलमध्ये १-० ने हरवलं, अबुजाला परत आल्या, पैसे नाहीत. पुन्हा हॉटेलात धरणं, काही दिवस वाट बघितली आणि मग सरळ बोर्ड हातात घेऊन संसदेवर मोर्चा, तोही राष्ट्राध्यक्ष बजेट मांडायला आले होते त्याच दिवशी. त्यानंतर पैसे निघाले. यात सगळ्यात भारी म्हणजे तेव्हाच्या क्रीडामंत्र्यांचं स्पष्टीकरण, ते म्हणाले की टीम जिंकेल हे कोणाला माहीत होतं. त्याआधी ही टीम तोच कप ७ वेळा जिंकली होती!!

२०१९ च्या फ्रान्स वर्ल्ड कपमधून बाहेर पडल्यावर परत हॉटेलात बसल्या. २०२२ च्या आफ्रिका कपला मोरोक्कोत तिसऱ्या नंबरच्या मॅचआधी सरावाला उतरल्याच नाहीत, मग मॅच झाली आणि झांबियाकडून १-० ने हरल्या. २०२३ च्या वर्ल्ड कपआधी अमेरिकन कोच रँडी वॉल्ड्रम यांनी स्वतःचा पगार थकल्याचं उघड सांगितलं. त्या वर्षी फिफाने पहिल्यांदा खेळाडूंसाठी वेगळी रक्कम जाहीर केली, ग्रुप स्टेजला प्रत्येकीला ३० हजार डॉलर, पुढच्या फेरीला गेलं की ६० हजार, आणि मग फेडरेशनचं म्हणणं असं की फिफा देतंय तर आमचा वेगळा बोनस कशाला. वाद पेटलाच. एक गोष्ट लक्षात घ्या की नायजेरियात पुरुषांच्या टीमचेही पैसे थकतात, त्यांनीही सरावावर बहिष्कार टाकलाय, त्यामुळे हे फक्त बायका म्हणून होतं असं नाही. पण पुरुष खेळाडू युरोपात बक्कळ कमावतात, त्यांना घरच्या बोनसवाचून अडत नाही. इथे मात्र बऱ्याच जणी नायजेरियातल्या लीगमधून यायच्या, रिव्हर्स एंजल्स, पेलिकन स्टार्स, बायेल्सा क्वीन्स, डेल्टा क्वीन्स असले क्लब, तिथे पगार तुटपुंजे, आणि अशा मुलीला कपचा बोनस म्हणजे खरोखर घर उभं राहायचा पैसा.

खेळाडू

न्क्वोचाचं नाव वर आलंच, ४ वेळा आफ्रिकेची सर्वोत्तम खेळाडू (२००४, २००५, २०१०, २०११). तिचा हा रेकॉर्ड मोडला असिसात ओशोआलाने, ६ वेळा. ओशोआला लागोसजवळच्या इकोरोडूची, जन्म १९९४. आईवडिलांना वाटायचं पोरीने शिकावं, फुटबॉलपायी शाळा बुडू नये, हे ती स्वतःच मुलाखतींमध्ये सांगते. २०१४ च्या अंडर-२० वर्ल्ड कपमध्ये नायजेरिया फायनलला गेली, जर्मनीकडून एक्स्ट्रा टाइममध्ये १-० ने हरली, पण गोल्डन बॉल (सर्वोत्तम खेळाडू) आणि गोल्डन बूट (सगळ्यात जास्त गोल) दोन्ही ओशोआलाकडे. मग लिव्हरपूल, आर्सेनल, चीन, आणि बार्सिलोना. २०२१ मध्ये बार्सिलोनाबरोबर महिलांची चॅम्पियन्स लीग जिंकली, असं करणारी पहिली आफ्रिकन बाई.

ओनोमे एबी ही डिफेंडर वेगळ्याच कारणासाठी लक्षात राहते. २००३ पासून २०२३ पर्यंत ६ वर्ल्ड कप, शेवटच्या वेळी वय ४०. तिच्या पहिल्या वर्ल्ड कपच्या वेळी २०२३ च्या टीममधल्या काही जणी अजून अंगणवाडीच्या वयाच्या होत्या.

गोलकीपर चियामाका न्नाडोझी २०१९ ला १८ वर्षांची होती, साउथ कोरियाविरुद्ध २-० ने जिंकल्या त्या मॅचमध्ये एकही गोल खाल्ला नाही, आणि वर्ल्ड कपमध्ये क्लीन शीट ठेवणारी सगळ्यात लहान गोलकीपर ठरली. लगेच पुढची मॅच फ्रान्सशी, रेनारने पेनल्टी मारली ती पोस्टला लागली, नायजेरियाच्या पोरी नाचायला लागल्या आणि रेफरीने व्हिडिओ बघून सांगितलं की न्नाडोझी लाइन सोडून पुढे आली होती, परत मारा. दुसऱ्यांदा गोल. नियम म्हणजे नियम, पण तेव्हा पोस्टला लागलेल्या बॉलसाठीही पेनल्टी परत मारायला लावायचे हे जरा अतिच होतं, पुढे तो नियम सैल केला. २०२३ ला याच न्नाडोझीने कॅनडाच्या क्रिस्टीन सिंक्लेअरची पेनल्टी अडवून हिशोब चुकता केला म्हणायचं.

मिशेल अलोझी हे अजून एक अजब प्रकरण. अमेरिकेत जन्मलेली, येलमध्ये शिकलेली, आणि फुटबॉल खेळत असतानाच ह्यूस्टनच्या एका हॉस्पिटलात कॅन्सर रिसर्चच्या लॅबमध्ये काम करायची. २०२३ ला इंग्लंडविरुद्ध खाली पडलेली असताना लॉरेन जेम्सने हिच्याच अंगावर पाय दिला आणि रेड कार्ड घेतलं. ती मॅच ०-० राहिली, १० जणींच्या इंग्लंडने पेनल्टीवर ४-२ ने जिंकली, आणि चुकलेल्या दोन पेनल्टींमधली एक बिचाऱ्या अलोझीची. त्याआधी त्याच शहरात, ब्रिस्बेनमध्ये, यजमान ऑस्ट्रेलियाला ३-२ ने हरवलं होतं, ओशोआलाने तिसरा गोल करून जर्सी काढली आणि यलो कार्ड खाल्लं.

आपल्याकडे

या टीमचा आणि आपला संबंध अगदीच नाही असं नाही. २०१८ चा कप जिंकून देणारा आणि २०१९ च्या वर्ल्ड कपला नेणारा स्वीडिश कोच थॉमस डेनरबी नंतर भारतात आला, आपल्या महिला टीमचा कोच झाला, आणि २०२२ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला आपल्या मुलींना त्यानेच तयार केलं (तिन्ही मॅच हरलो, ते जाऊ दे). त्याच स्पर्धेत नायजेरियाच्या फ्लेमिंगोज गोव्यात फातोर्ड्याला आणि नेरूळला डी वाय पाटील स्टेडियमवर खेळून गेल्या. नेरूळला अमेरिकेला पेनल्टीवर बाहेर काढलं, गोव्यात सेमीफायनलला कोलंबियाकडून पेनल्टीवर ६-५ ने हरल्या, आणि ३० ऑक्टोबरला परत नेरूळला तिसऱ्या नंबरसाठी जर्मनी. ३-० ने पुढे होत्या, जर्मनीने शेवटी शेवटी ३-३ केलं, म्हणजे १९९९ ची उलटी गोष्ट, आणि मग पेनल्टीवर ३-२ ने ब्राँझ. ज्या नवी मुंबईत फ्लेमिंगो बघायला लोक दुर्बिणी घेऊन खाडीवर जातात तिथे ऑक्टोबरातच फ्लेमिंगो उतरले होते, पण स्टेडियमवर. हा जोक तेव्हा कोणी केला की नाही माहीत नाही, आम्ही घरी केला होता.

दहावा कप

मधली काही वर्षं बरी गेली नव्हती. २००८ आणि २०१२ चे कप इक्वेटोरियल गिनीने नेले, २०२२ ला मोरोक्कोविरुद्धच्या सेमीफायनलला दोन रेड कार्ड मिळून ९ जणी उरल्या, तरी मॅच पेनल्टीपर्यंत नेली आणि हरल्या, कप साउथ आफ्रिकेने नेला. ऑलिम्पिकला तर २००८ नंतर थेट २०२४ ला पोचल्या आणि ब्राझील, स्पेन, जपान असा ग्रुप मिळाला, तिन्ही हरल्या.

म्हणून २०२४ चा आफ्रिका कप, जो खेळला गेला जुलै २०२५ मध्ये मोरोक्कोत, त्याला यांनी ‘मिशन एक्स’ नाव दिलं, एक्स म्हणजे रोमन दहा. कोच यावेळी देशातलाच, जस्टिन मडुगू. कॅप्टन रशीदत अजिबाडे, लागोसच्या मुशिनची, निळ्या केसांमुळे टीव्हीवर लांबूनही ओळखू येते. क्वार्टर फायनलला झांबियाला ५-०, सेमीला साउथ आफ्रिकेविरुद्ध मॅच संपता संपता अलोझीने लांबून टाकलेला बॉल कोणालाच न लागता आत गेला, २-१. फायनल २६ जुलैला रबातमध्ये, सगळं स्टेडियम मोरोक्कोच्या बाजूने. २४ मिनिटांत २-० ने मागे. हाफटाइमपर्यंत तसंच. मग ६४ व्या मिनिटाला एस्थर ओकोरोन्क्वोने पेनल्टी घातली, ७१ ला फोलाशाडे इजामिलुसी, ८८ ला जेनिफर एचेगिनी. ३-२. अजिबाडे स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू.

यावेळी धरणं धरायची वेळ आली नाही. टीम अबुजाला उतरली ती सरळ राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांच्याकडे, आणि तिथे प्रत्येकीला राष्ट्रीय सन्मान, १ लाख डॉलरइतके नायरा (तिथलं चलन) आणि तीन बेडरूमचा फ्लॅट जाहीर झाला.