पेरोव्स्काइट सौरघटांचा टिकाऊपणा

पेरोव्स्काइट या विशिष्ट स्फटिकरचनेच्या पदार्थाचे सौरघट प्रयोगशाळेत २६ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता गाठतात. २००९ मध्ये जपानमधील त्सुतोमु मियासाका यांच्या गटाचा घट ३.८ टक्क्यांवर होता. आता खरा प्रश्न आयुष्याचा आहे, कारण सिलिकॉन पॅनेलवर २५ वर्षांची हमी मिळते.

झीज आतूनच सुरू होते. या घटांतला मूळचा पेरोव्स्काइट पदार्थ, मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड, ८५ अंश सेल्सिअसला कोरड्या नायट्रोजनमध्येही विघटित होते. सेंद्रिय भाग वायुरूपाने निघून जातो आणि पिवळे लेड आयोडाइड उरते. त्यामुळे नुसत्या चांगल्या आवरणाने भागत नाही, आधी रचना बदलावी लागते. मिथाइलअमोनियमच्या जागी फॉर्मामिडिनियम हा सेंद्रिय आयन घेतल्यास पेरोव्स्काइट उष्णता अधिक सोसते, पण त्याचे काळे रूप खोलीच्या तापमानाला पिवळे आणि निरुपयोगी होते. ५ ते १५ टक्के सिझियम मिसळल्यास काळे रूप टिकते. ब्रोमाइडचाही उपयोग होतो. मात्र ते एकूण हॅलाइडांच्या (आयोडाइड आणि ब्रोमाइड मिळून) साधारण पाचव्या हिश्श्यापलीकडे गेले की प्रकाशात आयोडाइड व ब्रोमाइडचे वेगळे पुंजके होतात आणि व्होल्टेज घसरते. टँडेममधील, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन घटांच्या जोडीतील, वरच्या घटाला ब्रोमाइड जास्तच लागते, म्हणून तिथे ही अडचण सर्वांत जाचक ठरते.

दुसरी कमकुवत जागा म्हणजे थरांमधील सीमा. स्पायरो-ओमीटॅड या धनभार वाहून नेणाऱ्या थराची वाहकता वाढवणारे लिथियमचे क्षार ओल ओढतात. शिवाय सुमारे ७० अंशांना विद्युतअग्रातले (वीज बाहेर नेणाऱ्या धातूच्या थरातले) सोने या थरातून पेरोव्स्काइटपर्यंत झिरपते. चांदी वापरली तर आयोडाइडमुळे ती गंजते. यावर उलट्या रचनेचा (थरांचा क्रम उलटा असलेला) घट उपयोगी पडतो: खाली कार्बाझोल-फॉस्फॉनिक आम्लाचा एकरेणवीय (एका रेणूइतका जाड) थर, मग पेरोव्स्काइट, वर फुलरीन (कार्बनचे पोकळ रेणू), त्यावर अणुथर निक्षेपणाने (एकेक अणुथर चढवण्याच्या पद्धतीने) सुमारे २० नॅनोमीटर टिन ऑक्साइड आणि शेवटी धातू. टिन ऑक्साइड बाहेरची ओल आणि आतले आयोडीन दोन्ही अडवते. निक्षेपण १०० अंशांच्या आसपास किंवा खालीच करावे, नाहीतर खालचा थर बिघडतो.

आवरणासाठी दोन काचा आणि कडेने ब्युटाइल रबराचा पट्टा सर्वांत भरवशाचा. सिलिकॉन पॅनेलमध्ये घट काचेला चिकटवणारे ईव्हीए हे प्लास्टिक इथे धोक्याचे: ते १४०-१५० अंशांना तापवून, दाबून बसवले जाते आणि पुढे त्यातून ॲसिटिक आम्ल सुटते. पॉलिओलेफिन त्याहून बरे.

८५ अंश, ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १,००० तास ही प्रमाणित दमट उष्णतेची चाचणी अंधारात होते. ती आवरण पारखते, पण प्रकाशात सरकणारे आयन तिच्यात दिसत नाहीत. प्रकाश आणि उष्णता एकत्र देणारी चाचणीच निर्णायक मानावी. तीत घट कमाल शक्तिबिंदूवर (सर्वाधिक वीज देत) होता की खुल्या मंडलात (वीज न काढता), हेही नोंदवावे. खुल्या मंडलात तो बहुधा लवकर खराब होतो. पॅनेलच्या एका भागावर सावली पडली तर तिथल्या घटावर उलटा विद्युतदाब येतो आणि तो काही मिनिटांतच निकामी होऊ शकतो. यासाठी बायपास डायोडची (सावलीतल्या घटाला वळसा घालून वीज नेणाऱ्या भागाची) मांडणी वेगळी तपासावी लागते.