ट्रान्सफॉर्मरची फुल-लोड कार्यक्षमता आणि ऑल-डे कार्यक्षमता

ट्रान्सफॉर्मरची कार्यक्षमता किती, असं विचारलं की टेस्ट रिपोर्टवरचा ९८-९९ टक्क्यांचा आकडा पुढे येतो. आकडा खोटा नसतो. पण तो बहुतेक वेळा फुल लोडचा, म्हणजे पूर्ण क्षमतेइतक्या भाराचा असतो, आणि वितरणाचा ट्रान्सफॉर्मर दिवसातले थोडेच तास फुल लोडवर असतो. पूर्ण दिवसाचा हिशेब सांगणारी कार्यक्षमता वेगळी, तिला ऑल-डे कार्यक्षमता म्हणतात. दोन्ही टक्क्यांतच सांगतात, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी सहज खपून जाते आणि खरेदीचे निर्णय चुकतात.

फुल-लोड कार्यक्षमता म्हणजे त्या लोडला बाहेर पडणारी पॉवर भागिले आत जाणारी पॉवर, हिशेब किलोवॉटमध्ये. ऑल-डे म्हणजे २४ तासांत बाहेर गेलेली ऊर्जा भागिले आत आलेली ऊर्जा, हिशेब युनिटमध्ये. एकीत वेळ येतच नाही, दुसरी वेळेवरच उभी आहे.

वेळेमुळे एवढा फरक पडतो तो दोन लॉसच्या (आतच वाया जाणाऱ्या पॉवरच्या) स्वभावामुळे. आयर्न लॉस गाभ्यात होतो आणि व्होल्टेज व फ्रिक्वेन्सीवर ठरतो. सप्लाय चालू आहे तोवर तो होतच राहतो, मग पलीकडे एक दिवा लागलेला असो वा नसो. कॉपर लॉस वाइंडिंगमध्ये (तारेच्या वेटोळ्यांत) होतो आणि करंटच्या वर्गाप्रमाणे बदलतो: लोड निम्मा झाला की तो पाव उरतो.

समजा, १०० केव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर आहेत. ‘अ’चा आयर्न लॉस ५०० वॉट आणि फुल लोडचा कॉपर लॉस १५०० वॉट. ‘ब’चे दोन्ही लॉस १००० वॉट. युनिटी पॉवर फॅक्टर (म्हणजे १०० केव्हीएला पूर्ण १०० किलोवॉट) धरला तर फुल लोडला दोघांची कार्यक्षमता अगदी सारखी: १०० भागिले १०२, म्हणजे ९८.०४ टक्के. कागदावर निवडायला काही उरतच नाही.

आता दिवस मांडू. ४ तास फुल लोड, ६ तास निम्मा लोड, उरलेले १४ तास लोड जवळजवळ नाही. दोघांनीही ७०० युनिट पुरवले. ‘अ’मध्ये आयर्न लॉसचे १२ युनिट गेले आणि कॉपर लॉसचे ८.२५, ऑल-डे कार्यक्षमता ९७.१९ टक्के. ‘ब’मध्ये आयर्न लॉसचे २४ आणि कॉपर लॉसचे ५.५ युनिट, कार्यक्षमता ९५.९६ टक्के. फरक रोज सव्वानऊ युनिटचा, म्हणजे वर्षाला ३,३७६ युनिटचा. असाच लोड वर्षानुवर्षं राहणार असेल, तर ‘ब’ स्वस्त मिळाला म्हणून घेणं मला तरी पटत नाही.

कार्यक्षमता सर्वाधिक असते ती कॉपर लॉस आयर्न लॉसइतका होतो तिथे. ‘अ’साठी ती जागा सुमारे ५८ टक्के लोडला आहे, ‘ब’साठी फुल लोडला. म्हणून ‘ब’ची ठेवण वीजनिर्मिती केंद्रातल्या मोठ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरला शोभते. तो बहुतांश वेळ भरलेला चालतो, आणि तिथे फुल-लोड कार्यक्षमता पाहणं योग्यच आहे. अमेरिकेच्या नियमांत मात्र तेलातल्या वितरण ट्रान्सफॉर्मरची कार्यक्षमता ५० टक्के लोडला तपासतात, लो-व्होल्टेज ड्राय टाइपची (तेल नसलेल्यांची) ३५ टक्क्यांना.

मोजायची कशी? दोन्ही बाजूंना वॉटमीटर लावून भागाकार करायचा मोह होतो, पण तो टाळावा. आत १०२, बाहेर १०० किलोवॉट आणि प्रत्येक मीटरची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत असेल, तर २ किलोवॉटचा लॉस १ ते ३ किलोवॉटमध्ये कुठेही दिसू शकतो. त्याऐवजी लॉसच मोजतात. ओपन सर्किट टेस्टमध्ये एक बाजू, सहसा हाय-व्होल्टेजची, उघडी ठेवून दुसरीला रेटेड (तिच्यासाठी ठरवून दिलेलं) व्होल्टेज देतात; वॉटमीटर जवळजवळ निव्वळ आयर्न लॉस दाखवतो. पॉवर फॅक्टर फार कमी असतो, म्हणून इथे साधा वॉटमीटर नको, लो पॉवर फॅक्टरचाच हवा. शॉर्ट सर्किट टेस्टमध्ये लो-व्होल्टेज बाजू शॉर्ट करून दुसरीकडे रेटेड करंट वाहीपर्यंतच व्होल्टेज वाढवतात. वितरण ट्रान्सफॉर्मरला रेटेडच्या ४-५ टक्के व्होल्टेज त्यासाठी पुरतं. एवढ्याशा व्होल्टेजला आयर्न लॉस नगण्य, त्यामुळे मिळतो तो कॉपर लॉस. तेलाच्या ट्रान्सफॉर्मरसाठी तो सहसा हिशेबाने ७५ अंश सेल्सिअसवर नेऊन सांगतात. तांब्याचा रोध ३० ते ७५ अंशांत सुमारे १७ टक्के वाढतो, म्हणून ही दुरुस्ती विसरलेला रिपोर्ट गोड दिसतो.

इथवरचं काम दोन्ही कार्यक्षमतांसाठी सारखंच. फुल-लोड कार्यक्षमता इथेच हाती येते. ऑल-डेसाठी दिवसभराच्या लोडच्या नोंदीही लागतात, आणि त्या जितक्या बारीक तितक्या बऱ्या. ‘अ’वर अर्धा तास फुल लोड आणि अर्धा तास काहीच नसेल, तर खरा कॉपर लॉस ०.७५ युनिट होतो. तासाची सरासरी काढून ‘निम्मा लोड’ धरला, तर तोच ०.३७५ युनिट, म्हणजे बरोबर निम्मा निघतो. तेव्हा १५ मिनिटांच्या नोंदी मिळत असतील, तर तासाच्या सरासरीवर हिशेब करू नये.