पाचशे चौरस मीटरचा पाऊस

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. ५०० चौरस मीटरच्या प्लॉटवर तासाभरात ४० मिमी पडला तर २०,००० लिटर. प्लॉट मोकळा, गवताचा असताना त्यातलं साधारण चौथा हिस्सा, म्हणजे ५,००० लिटर, वाहून बाहेर जातं. तिथं २५० चौरस मीटरची गच्ची आणि २०० चौरस मीटर काँक्रीट झालं की तेच १६,००० लिटरवर जातं. पाऊस तेवढाच, रस्त्याकडेचं गटार तेवढंच, पाणी मात्र तिप्पट.

कोल्हापुरात हे पाणी उतारानं नाल्यांकडे आणि तिथून पंचगंगेकडे जातं. राजाराम बंधाऱ्यावर नदीची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. नदी तिथवर चढलेली असताना शहरातून वाहणाऱ्या जयंती नाल्याच्या पाण्याला पुढं वाट राहत नाही. ते मागं फुगतं. पूर्वी असं पाणी तळ्यांत थांबायचं. वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झालं, कपिलतीर्थाची मंडई झाली. थांबायची जागा आता ज्याच्या त्याच्या प्लॉटमध्येच शोधावी लागते.

राज्याची २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली सांगते की ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे. पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्याचं मापही दिलंय: १.२ × १.२ मीटर, खोली २ ते २.५ मीटर. तळाशी निम्म्या खोलीपर्यंत ४० मिमी खडी, त्यावर २० टक्के २० मिमी खडी, मग २० टक्के जाडी वाळू, तिच्यावर बारीक वाळूचा पातळ थर. वरचा १० टक्के भाग रिकामा. कडेची भिंत जमिनीच्या वर किमान १५ सेंमी, म्हणजे अंगणातला गाळ आत येत नाही. दर १०० चौरस मीटर गच्चीला १०० मिमी व्यासाचे किमान दोन पाइप, आणि पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायला व्हॉल्व्ह. यंत्रणा चालू ठेवली नाही तर दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला १,००० रुपयांपर्यंत आकारणी होऊ शकते.

आता हिशेब करा. खडीतली पोकळी ४० टक्के धरली तर असा एक खड्डा जेमतेम दीड हजार लिटर धरतो. वरच्या गच्चीचं पाणी हा खड्डा दहा मिनिटांत भरून टाकतं. पुढचं पाणी किती वेगानं मुरतं यावर सगळं अवलंबून, आणि नदीकाठच्या काळ्या मातीत ते फार हळू मुरतं. म्हणून आधी चाचणी घ्या: खड्ड्याच्या तळाच्या खोलीवर फूटभर खळगा खणून रात्रभर पाणी भरून ठेवा, सकाळी पुन्हा भरून तासाभरात पातळी किती उतरते ते मोजा. सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटरपेक्षा कमी उतरली तर तिथं शोषखड्डा म्हणजे कागदापुरती सोय. खाली मुरूम लागत असेल तर गोष्ट वेगळी.

काळ्या मातीवर पाणी अडवून हळूहळू सोडणारी टाकी जास्त कामाची. वरच्याच प्लॉटसाठी ४ × ३.२५ मीटर, पाण्याची खोली १ मीटर, म्हणजे १३,००० लिटर. तळाशी २५ मिमीचं एकच भोक. टाकी भरलेली असताना त्यातून तासाला ४,७०० लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडतं, म्हणजे प्लॉट मोकळा असताना जायचं जवळपास तेवढंच. पाऊस थांबल्यावर साडेपाच-सहा तासांत टाकी रिकामी, पुढच्या सरीला तयार. वरच्या अंगाला १०० मिमीचा ओव्हरफ्लो हवाच. हे पाणी साठवून वापरायचा मोह होतो. पण जुलैत भरून ठेवलेली टाकी काहीच अडवत नाही. वापरासाठी टाकी वेगळी बांधा. २५ मिमीचं भोक एका पिंपळपानानं बंद होतं, तेव्हा त्याच्यापुढं जाळीची पेटी आणि माणूस उतरेल एवढं झाकण पाहिजे.

सगळ्यात जास्त शोषखड्डे बांधकाम चालू असतानाच मरतात. प्लास्टरचं सिमेंटपाणी आत गेलं की वाळूचा थर दगडासारखा होतो. खड्डा अगदी शेवटी भरावा, आणि दर मे महिन्यात वरची पाच-सात सेंटीमीटर वाळू काढून नवी टाकावी.

गच्चीचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडणं हा तर सर्रास चालणारा प्रकार. मलवाहिनीचा व्यास पावसासाठी ठरवलेला नसतो. जोराची सर आली की खालच्या गल्लीतल्या चेंबरची झाकणं उचलली जातात आणि मैलापाणी तळमजल्यावरच्या संडासातून वर येतं. भोगवटा प्रमाणपत्राआधी गच्चीवर बादलीभर रंगीत पाणी ओतून ते कुठं निघतं ते पाहिलं तर ही चोरजोडणी पाच मिनिटांत सापडते.