शुगरची जखम का भरत नाही : पार्श्वभूमी

तूर सोंगून झाली की विदर्भातल्या शेतांत धसकटं उभी राहतात. तळव्यात एखादं घुसलं तर माणूस कळवळतो. पण शुगरनं पाय बधीर झालेल्याला चपलेला लागलेलं रक्त घरच्यांनी दाखवावं लागतं. मग हळद, मग पू, मग वर्धा नाहीतर नागपूर.

बधीर पाय इथे नवा नाही. कुष्ठरोगामुळे तो आधीपासून पाहिलेला. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढलं, बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याला काम उभं केलं. वेल्लोरला शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की बोटं रोगानं आपोआप झडत नाहीत. दुखतच नसल्यानं त्याच जागेवर भार पडत राहतो. पुढे अमेरिकेत त्यांनी हीच समज मधुमेही पायाला लावली, भार वाटून घेणारं प्लास्टरही तिकडे नेलं.

जखम का होते, ते यातून कळतं. का भरत नाही, हा धागा वेगळा. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिनाला प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या सकाळी काट्याभोवती पेशी जमलेल्या. १९०८ चं नोबेल त्यांना एर्लिक यांच्यासोबत मिळालं. तरी या पेशी म्हणजे जंतू खाणाऱ्या, एवढीच ओळख बरीच वर्षं टिकली. १९७५ मध्ये लिबोविच आणि रॉस या संशोधकांनी गिनीपिगमधले मॅक्रोफेज, म्हणजे याच गिळणाऱ्या पेशी, घटवले, तर जखमेची सफाई रखडलीच, शिवाय नवे तंतूही उशिरा आले. म्हणजे सफाई करणारीच पेशी पुढच्या बांधणीलाही लागते.

मधुमेहात नेमकं हेच वळण अडतं. जखमेत आधी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात. जखमेतला पू बहुतांशी मेलेल्या न्यूट्रोफिलचाच. मॅक्रोफेजनं ते गिळून दुरुस्तीकडे वळावं, तर तो दाहातच अडकून राहतो आणि त्यातली विकरं (एन्झाइम) नवी ऊती खात सुटतात. ‘शुगरनं प्रतिकारशक्ती कमी होते’ हे वाक्य म्हणूनच मला अर्धवट वाटतं: पेशी जंतू मारायला मंद, पण जखमेतून हटायला तयार नाहीत. २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. मधुमेहात न्यूट्रोफिल स्वतःच्या डीएनएची जाळी जास्त सहज फेकतात. जाळीला लागणारं विकर नसलेल्या उंदरांच्या जखमा लवकर भरल्या.

मॅक्रोफेजला वळवणारं औषध अजून रोजच्या उपचारात आलेलं नाही. मेलेली ऊती काढणं, जंतुसंसर्ग आणि शुगर आवरणं, रक्तपुरवठा तपासणं, पायावरचा भार काढणं, यावरच सगळं चालतं. आणि मजुरीवर जाणाऱ्याला भार काढायला सांगणं म्हणजे रोजी सोडायला सांगणं.