फळांचा फेटा नेमका कोणाचा?

डोक्यावर फळांची रास, हातभर बांगड्या आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलत सतत नाचणारी बाई म्हणजेच लॅटिन अमेरिकेतील स्त्री, ही समजूत हॉलिवूडने गायिका-अभिनेत्री कार्मेन मिरांडा हिच्या प्रतिमेवरून रूढ केली. प्रत्यक्षात त्या प्रतिमेचा उगम वेगळा आहे. १९०९ मध्ये पोर्तुगालमध्ये जन्मलेली आणि रिओ दि जानेरो येथे वाढलेली कार्मेन अमेरिकेला जाण्यापूर्वीच ब्राझीलमधील आघाडीची सांबा (तिथला लोकप्रिय नृत्य-संगीत प्रकार) गायिका होती. तिचा पेहराव साऱ्या खंडाचा नव्हता. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात रस्त्यावर खाद्यपदार्थ विकणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांच्या वेशावर तो बेतलेला होता आणि १९३९ मध्ये प्रदर्शित झालेल्या एका ब्राझिली चित्रपटात तिने तो पडद्यावर आणला. हॉलिवूडच्या झगमगाटात त्या कष्टकरी स्त्रियांचा उल्लेखच उरला नाही, आणि मला हाच सर्वांत मोठा अन्याय वाटतो. पोर्तुगीज भाषेत गाणाऱ्या या कलावतीला १९४० मध्ये स्पॅनिश भाषिक अर्जेंटिनात घडणाऱ्या हॉलिवूडपटात गायला लावले गेले. त्याच वर्षी ती रिओला परतली, तेव्हा कॅसिनोतील प्रेक्षकांनी तिचे थंडपणे स्वागत केले. ‘अमेरिकी होऊन आली’ या आरोपाला तिने सांबा गाऊनच उत्तर दिले.